सिनेमाचे एम.ए. आणि ओटीवरचे न्यायाधीश

गेल्या दिवाळीत महाड तालुक्यातल्या तुडीलला आमच्या घराच्या ओटीवर एक खटला चालला. आरोपी आमची भाची, नुकतीच बी.ए. झालेली. गुन्हा असा की, तिला पुढे चित्रपट आणि प्रसारमाध्यमे या विषयात एम.ए. करायचे होते. न्यायाधीश पुष्कळ होते, वकील मात्र एकही नव्हता. एक काका म्हणाले, "सिनेमा बघायला पदवी कशाला हवी? तिकीट पुरते!" दुसऱ्यांनी चकलीचा तुकडा मोडीत विचारले, "फाळके कुठल्या विद्यापीठात गेले होते हो?" सगळे हसले. भाची रिकामे ताट उचलून आत गेली. त्या दिवशी आम्ही गप्प बसलो याची लाज वाटते. म्हणून वकीलपत्र आज घेतो.

फाळक्यांचे नाव तुम्हीच काढलेत, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करू. दादासाहेब मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण, छपाई, रंगकाम, जे हाताला लागेल ते शिकत राहिले. आणि एवढे करून, चाळिशी उलटल्यावर, विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली विलायतेला गेले ते कशासाठी? मौजेसाठी? शिकण्यासाठी! तेव्हा कुठे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. काका, तुमचा साक्षीदार आमच्या बाजूने उलटला!

दुसरा दाखला कोल्हापूरचा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम काम करता करता घडले. ते काही कारखान्यातले मजूर नव्हते, गुरुगृही राहिलेले शिष्य होते. तिथून बाहेर पडून त्यांनी १९२९ साली 'प्रभात' काढली, १९३३ साली ती पुण्याला नेली, आणि १९३६ च्या त्यांच्या 'संत तुकारामा'चे पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात कौतुक झाले. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाची शाळा उघडली. तिथेच शिकलेल्या उमेश कुलकर्णींचा 'देऊळ' तुम्ही डोळे पुसत पाहिलात. त्या वेळी पदवीला नावे ठेवल्याचे आठवत नाही.

कोणी म्हणेल, ही पुण्या-मुंबईची गोष्ट. खेड्यातल्या पोरांना काय तिचे? तर नागराज मंजुळे पाहा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा मुलगा तेव्हाच्या अहमदनगरला संज्ञापन शिकायला गेला आणि विद्यार्थी असतानाच त्याने 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रतिभा जेऊरलाही होती. कॅमेरा आणि तो हाती देणारे शिक्षक जिल्ह्याच्या कॉलेजात भेटले. आमचे मागणे एवढेच आहे की, ते महाड-पोलादपूरच्या मुलांनाही भेटावेत.

पोटापाण्याची काळजी मात्र आम्ही हसण्यावारी नेत नाही. बापाने फी कुठून भरायची, हा प्रश्न खरा आहे. काही ठिकाणी विभागाची पाटी कॅमेऱ्यापेक्षा मोठी असते, शिकवणी इंग्रजी टिपणांवर चालते, आणि कोकणातले पोर परकी वाक्ये घोकून पास होते. खटला भरायचाच असेल तर यांच्यावर भरा! ज्या भाषेत 'हरिश्चंद्रा'चा निर्माता बोलला आणि भांडला, त्या भाषेत चित्रपट कसा वाचावा हे शिकवणारी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. त्याबद्दल ओटीवर कोणी अवाक्षर काढले नाही.

आणि आता थोडे गंभीर. २२ जुलै २०२१ रोजी आमच्याच तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत महाड पाण्याखाली होते. प्रत्येकाच्या फोनवर चित्रे येत होती. त्यांतली आपली कोणती आणि कुठल्या तरी दुसऱ्याच नदीची कोणती, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही. पुढे पाठवली मात्र सर्वांनी! जी खरी होती ती कोणी जपली? मूकपटांच्या काळात या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, आणि आज संपूर्ण असे मूठभरच उरले आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, म्हणजे 'हरिश्चंद्रा'नंतर ५१ वर्षांनी; आणि २००३ साली तिथल्याही जुन्या फिती आगीत गेल्या. चित्र कसे ओळखावे, त्यावर तारीख-ठिकाण कसे नोंदवावे, ते कसे टिकवावे, हे याच अभ्यासक्रमात शिकायचे असते. भाचीला तेच शिकायचे आहे. नटी व्हायचे नाही. तिला तसे कोणी विचारलेच नव्हते.

तिने अर्ज भरला आहे. परवा त्याच चकलीवाल्या काकांचा फोन आला होता. पुराच्या दिवशी त्यांनी स्वतः, माडीवरून, बाजारपेठेतल्या पाण्याचे चित्रण केले होते. जुना फोन बिघडला, आणि ते त्याच्याबरोबर गेले. भाचीकडे एखादी प्रत असेल का, असे विचारीत होते.