दुर्बीण, आतडे आणि अर्धवट भीती

‘दुर्बिणीतून कर्करोग अर्धवटच निघतो,’ हे मालवणच्या पत्रलेखकाचे म्हणणे निदान मोठ्या आतड्यापुरते टिकत नाही. अमेरिकेतील ‘कॉस्ट’ चाचणीत (२००४) ८७२ रुग्ण होते. तीन वर्षांत रोग उलटला तो दुर्बिणीने (लॅप्रोस्कोपीने) शस्त्रक्रिया झालेल्यांत १६ टक्क्यांना, पोट उघडलेल्यांत १८ टक्क्यांना. दुर्बिणीने रुग्णालयातील मुक्काम सहाऐवजी पाच दिवस. शस्त्रक्रियेला मात्र ९५ऐवजी १५० मिनिटे.

आणि गाठ काही बारीक छिद्रातून ओढत नाहीत. जखमेच्या कडांना आवरण लावून, वेगळ्या छोट्या छेदातून आतड्याचा तुकडा अख्खा बाहेर काढतात. रापणीचे जड जाळे ओढणाऱ्याला टाका लहान असलेला बराच.

पत्रलेखक याला ‘नवे फॅड’ म्हणतात? डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे.मध्ये दुर्बिणीने पित्ताशय काढले ते १९९०मध्ये!

गुदाशयाच्या कर्करोगाबाबत मात्र पत्रलेखकाची धास्ती रास्त. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीची असल्याचे सिद्ध झाले नाही.