होय की नाही, तेवढं सांगा

नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला येऊन अडतात. पुढे पोलिसांचे कठडे. पाच-सात जणांचं शिष्टमंडळ आत जातं, बाकीचे डांबरावर बसून राहतात. परवा वेगळ्या विदर्भाच्या मोर्चात साठीची एक बाई माझ्या शेजारी बसली होती. हातात निवेदनाची झेरॉक्स, घडी घालून घालून कापडासारखी मऊ झालेली. मी वाचायला मागितली. मजकूर टाइप केलेला, पण तारखेतलं वर्ष पेनानं खोडून त्यावर नवं लिहिलेलं. मी त्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, ‘‘निवेदन घेनारा मानूस बदलते जी दर वर्षी. निवेदन तेच रायते.’’

त्या रात्री लेस्टरला असलेल्या भाच्याशी फोनवर बोलताना हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मामा, मला तर इथं विचारलं होतं.’’

खरंच विचारलं होतं. 23 जून 2016 ला ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायचं की राहायचं यावर सार्वमत घेतलं, तेव्हा तिथं राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताचा हक्क होता. लंडनमध्ये वीस वर्षं काढलेल्या फ्रेंच माणसाला नव्हता, पण भारतीय पासपोर्टवरच्या आमच्या पोराला होता. नागपूरच्या महालातल्या वाड्यात वाढलेल्या मुलानं ब्रिटनच्या भवितव्याला मत दिलं. त्याच्या आईनं नागपुरात पन्नास वर्षं काढली, विदर्भ महाराष्ट्रात राहावा का, हे तिला एकाही सरकारनं विचारलेलं नाही.

पुढे ब्रिटनच्या नेत्यांनी जे केलं त्याचा भाच्याला आजही संताप येतो. 52 विरुद्ध 48 टक्के असा कौल आला आणि तीन वर्षं संसदेला मार्ग सापडेना. 15 जानेवारी 2019 ला पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार 202 विरुद्ध 432 मतांनी पडला. 27 मार्चला सभागृहापुढे आठ पर्याय ठेवले, आठही पडले. 29 मार्च हा बाहेर पडण्याचा ठरलेला दिवस, त्या दिवशी करार तिसऱ्यांदा पडला. विरोधी पक्षाचे कॉर्बिन नेमके कुठल्या बाजूचे, हे त्यांच्याच मतदारांना कळेना. मे महिन्यात युरोपीय संसदेच्या निवडणुकीत लोकांनी राग काढला. सत्ताधारी हुजूर पक्षाला 9 टक्के मतं मिळाली, तो पाचव्या क्रमांकावर गेला.

आमच्या घराला हा राग नवा नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला तेव्हाच्या मध्य प्रदेशची राजधानी असलेलं नागपूर एका दिवसात जिल्ह्याचं गाव झालं. वडील आणि काका दोघेही सचिवालयात कारकून. वडलांची बदली मुंबईला झाली, काकांची भोपाळला. एका चुलीवर जेवणारे दोन भाऊ दोन राज्यांचे नोकर झाले. वर्षभर आधी राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य करावं अशी शिफारस केलेली होती. काकांनी त्या बातमीचं कात्रण ट्रंकेत जपलं होतं. आजी विचारायची, आयोगानं होय म्हटलं तर नाही कोण म्हणालं? तिला सांगता येईल असं एक नाव घरात कुणाकडे नव्हतं.

नाव नसणं हाच या प्रश्नाचा सत्तर वर्षांचा रोग आहे. विदर्भानं महाराष्ट्रात यावं म्हणून झालेल्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारावर निदान सह्या आहेत, यशवंतराव चव्हाणांची आहे, रा. कृ. पाटलांची आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात नोकऱ्या, शिक्षणात वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, असं त्यात लिहिलं आहे. त्यातलं अधिवेशन तेवढं उरलं. तेही 2019 मध्ये सहा दिवसांत आटोपलं आणि 2020, 2021 ला महामारीच्या काळात मुंबईतच झालं. वाट्याचं काय झालं ते 1984 मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष मोजून सांगितलं. 1994 मध्ये तो भरून काढायला वैधानिक विकास मंडळ आलं, 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. त्या संध्याकाळी विदर्भातला एकही नेता राजीनामा खिशात घालून बाहेर पडला नाही.

लोकांनी कौल दिलाच नाही असं म्हणणाऱ्यांनी 1962 आठवावं. लोकनायक बापूजी अणे विदर्भाच्या प्रश्नावर अपक्ष उभे राहिले आणि नागपुरातून लोकसभेत गेले. 1971 मध्ये जांबुवंतराव धोटे त्याच मागणीवर निवडून आले. धोट्यांच्या सभांना मी वडलांच्या खांद्यावर बसून गेलो आहे, तो आवाज विसरणं शक्य नाही. म्हणूनच 1980 मध्ये तेच धोटे इंदिरा काँग्रेसच्या चिन्हावर निवडून आले तेव्हा वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. धोट्यांनी नंतर तो पक्षही सोडला, पुन्हा विदर्भाचा झेंडा घेतला. पण मधल्या काळात जी माणसं घरी बसली ती परत रस्त्यावर आली नाहीत.

भाजपनं 1997 मध्ये भुवनेश्वरच्या कार्यकारिणीत वेगळ्या विदर्भाचा ठराव केला. 2000 मध्ये त्यांच्याच सरकारनं छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड दिले, विदर्भ दिला नाही, कारण शिवसेनेचा विरोध. 2014 मध्ये दिल्लीत स्वतःचं बहुमत, मुंबईत नागपूरचा मुख्यमंत्री, अडवणारं कुणी उरलं नाही, तरी ठराव जागचा हलला नाही. काँग्रेसच्या नेत्यांना विदर्भ आठवतो तो मंत्रिपद गेल्यावर. बापूजींचे नातू श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता असताना वेगळ्या राज्यांबद्दल उघड बोलले, मार्च 2016 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. शिवसेनेनं पहिल्यापासून अखंड महाराष्ट्र म्हटलं. मला ते मुळीच पटत नाही, पण ती माणसं कुठे उभी आहेत हे मला कळतं, आणि माझ्या बाजूची म्हणवणारी माणसं कुठे उभी आहेत हे कळत नाही.

विदर्भवाद्यांची अनामत जप्त होते, मग लोकांना विदर्भ कुठे हवाय, असं मला नेहमी ऐकवलं जातं. अकोला-बुलडाण्याकडे या मागणीला नागपूरइतका जोर नाही हे मलाही दिसतं. पण विधानसभेला माणूस जात बघतो, पक्ष बघतो, कापसाचा आणि धानाचा भाव बघतो. एकट्या विदर्भाचा प्रश्न त्याच्यापुढे सरकारनं कधी ठेवलाच नाही. 2013 मध्ये जनमंच या संघटनेनं नागपुरात स्वतःच्या हिमतीवर मतपेट्या मांडल्या तेव्हा लोक रांगा लावून आले आणि मोठ्या बहुमतानं होय म्हणाले. त्या आकड्याला कायद्यात किंमत नाही, हेही खरं.

ब्रिटनच्या त्या गोंधळातली एक गोष्ट मात्र मला हेवा वाटावा अशी आहे. आठ पर्याय पडले त्या रात्री आठांपैकी कशाला आपल्या खासदारानं होय म्हटलं, कशाला नाही, आणि कुठे तो गप्प बसला, हे माझ्या भाच्यानं नावासकट वाचलं. त्याला राग कुणावर काढायचा ते ठाऊक होतं.

विदर्भातून 62 आमदार आणि 10 खासदार निवडून जातात. विधानभवनात मंत्री नसलेल्या कुठल्याही आमदाराला अशासकीय ठराव मांडता येतो आणि त्यावर आवाजी मतदान नको, मतविभाजन हवं, अशी मागणी करता येते. ठराव पडेल, हे मला ठाऊक आहे. पडू दे. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानं नवं राज्य करण्याचा अधिकार संसदेला आहे, विधानसभेचं फक्त मत मागवायचं असतं. जानेवारी 2014 मध्ये आंध्रच्या विधानसभेनं तेलंगणाचं विधेयक फेटाळलं, आणि 2 जूनला तेलंगण झालं. मला ठरावाच्या जिंकण्या-हरण्याशी कर्तव्य नाही, ती 62 नावं हवी आहेत. एखाद्यानं नाही म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालीन, त्याचा मानही ठेवीन.

माझ्या मतदारसंघाच्या आमदारांना सोमवारी मी पत्र दिलं आहे. त्यात एकच प्रश्न आहे, आपण असा ठराव मांडाल का, आणि मतविभाजनात आपलं मत काय असेल. त्यांच्या कार्यालयातल्या मुलानं पोच म्हणून शिक्का मारून दिला. अधिवेशन संपायच्या आत उत्तर आलं तर पुढच्या आठवड्यात याच जागी जसंच्या तसं छापीन. टी-पॉइंटवरच्या त्या बाईंना त्याची एक प्रत नेऊन द्यायची आहे.