खांदा दुखतो? आधी सर्व्हिस थांबवा!

"डॉक्टरसाहेब, परवा मॅच आहे. एक इंजेक्शन देऊन टाका, म्हणजे हात चालेल."

नंदनवनातील माझ्या दवाखान्यात टेनिस खेळणाऱ्या मुलांचे पालक कधी कधी अशी गळ घालतात. काही वर्षांपूर्वी मीही एका चौदा वर्षांच्या मुलाला वेदनाशामक इंजेक्शन दिले. तो सामना खेळला, जिंकलाही. पण पुढे सहा महिने त्याच्या हाती रॅकेट नव्हती. चूक माझी होती. म्हणूनच स्पष्ट लिहितो : दुखणे दाबून मुलाला मैदानात उतरवणे याला उपचार म्हणत नाहीत.

मांडीचे हाड खोल वाटीत बसलेले असते. खांद्याची वाटी मात्र बशीसारखी उथळ. त्यामुळे हात चोहीकडे फिरतो, पण सांधा जागेवर ठेवण्याचा मोठा भार चार लहान स्नायूंवर पडतो. त्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. सर्व्हिस मारल्यावर वेगाने पुढे गेलेल्या हाताला ब्रेकही मुख्यत: हेच स्नायू लावतात. रोज शेकडो सर्व्हिस मारल्या की स्नायूंची टोके दुखावतात. वाढत्या वयात तर हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेलाच इजा होऊ शकते. अशा वेळी इंजेक्शन घेऊन खेळणे म्हणजे आग तशीच ठेवून धोक्याची घंटा बंद करणे होय.

मारिया शारापोव्हाने जानेवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढची ग्रँड स्लॅम एकेरी स्पर्धा जिंकायला २०१२ साल उजाडले. आपल्या सचिन तेंडुलकरलाही २००६ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. निष्णात डॉक्टर दिमतीला असणाऱ्यांची ही गत. मग आपल्या मुलांनी किती जपावे?

मग करावे काय? दुखू लागताच सर्व्हिस आणि डोक्यावरचे फटके बंद ठेवावेत. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे लावावा. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजकेच दिवस. खेळण्याआधी तर मुळीच नको. हात गळ्यात अडकवून महिनाभर बसू नये, त्याने खांदा आखडतो. दुखणे ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टकडून रबरी पट्ट्याचे व्यायाम शिकावेत. पाठीच्या फऱ्याचे स्नायूही बळकट करावेत. सर्व्हिसचा निम्म्याहून अधिक जोर पाय आणि कंबरेतून येतो. ते कमकुवत असतील तर सारा भार खांद्यावर येतो. खेळ पुन्हा सुरू करताना आधी जमिनीलगतचे फटके, मग हळू सर्व्हिस, शेवटी जोराची.

रात्री दुखण्याने झोप मोडणे, हात वर न जाणे, मुंग्या येणे, खांदा निसटल्यासारखा वाटणे, यांपैकी काहीही असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. चाळिशीपुढच्या खेळाडूंनी एक लक्षात ठेवावे : श्रमाने खांदा दुखून घाम फुटला, छाती भरून आली, तर बाम चोळत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. 'दुखतंय' म्हणणाऱ्या मुलाला रडका म्हणू नका. मॅच पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. खांदा मात्र त्याला जन्मभर वापरायचा आहे.