अंगणातला पांढरा थर

बारामती-इंदापूर भागात १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि जिराईत रान बागाईत झाले. त्याच पाण्याच्या अतिरेकाने खोल काळ्या जमिनी चिबडल्या, खारवल्या. उन्हाने पाणी उडते, क्षार वर राहतो. अंगणात पांढरा थर दिसतो, कोथिंबीर उगवत नाही, पुदिना करपतो; आणि आपण आणखी पाणी ओततो!

भगिनींनो, आधी पाण्याला वाट द्या. तळाला चार बोटे खडी पसरून, विटांच्या कडेने फूटभर उंच वाफा करा. खाली सिमेंट नको. पोयटा माती व कुजलेले शेणखत भरा, वर उसाचे पाचट अंथरा. वुजूचे पाणी चालेल, पण बोअर मचूळ असेल तर नको. सुरुवात पालक, बीटने करा. ती खार बऱ्यापैकी सोसतात, घेवडा सोसत नाही.

ऐकीव सल्ल्याने जिप्सम टाकू नका. ते चोपण जमिनीचे औषध आहे. नुसत्या खारवट मातीला निचरा आणि गोडे पाणीच लागते. दोन्हींतला फरक डोळ्यांना कळत नाही, माती तपासूनच कळतो. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ती सोय आहे. मूठभर माती आधी तिथे न्या, मग खताला पैसे काढा.