बोटभर बर्फाचा हिशेब

नोव्हेंबरच्या आरंभी अमेरिकेच्या उत्तरेकडील व पर्वतीय राज्यांत मोसमातील पहिला हलका बर्फ पडतो. रात्रीतून उतरलेला हा पांढरा थर बहुधा एक-दीड इंचाचा असतो आणि दुपारच्या उन्हाबरोबर नाहीसा होतो. त्याने रस्ते बंद पडत नाहीत, शाळांना सुट्टी मिळत नाही, वृत्तपत्रांतही त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. तरीही त्या सकाळी हजारो घरांच्या परसात माणसे मोजपट्टी घेऊन उतरलेली दिसतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, शेतकरी असतात, कारकून असतात, विद्यार्थी असतात. हे सारे बर्फाची उंची इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात, आकडा टिपून ठेवतात आणि मध्यवर्ती नोंदीकडे कळवतात. या कामाबद्दल त्यांना वेतन मिळत नाही. आणि मापक यंत्र तर पुष्कळांनी पदरमोड करूनच विकत घेतलेले असते.

प्रथमदर्शनी हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. बोटभर बर्फ मोजून कोणाचे काय भले होणार, असा प्रश्न व्यवहारी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या उद्योगामागे अर्थशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. जी माहिती सर्वांच्या उपयोगाची असते, ती गोळा करण्याचा भार कोणी उचलावयाचा? शासनाने, बाजाराने, की समाजातील स्वयंस्फूर्त माणसांनी?

एका शहराचा धडा

या चळवळीचे आजचे रूप एका आपत्तीतून जन्मास आले. २८ जुलै १९९७ रोजी कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स या शहरात प्रचंड पूर आला. शहराच्या नैर्ऋत्य भागात सुमारे ३१ तासांत १४ इंचांहून अधिक पाऊस कोसळला. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला मात्र तो दोन इंचांच्या आसपासच होता. पाच जणांचे प्राण गेले आणि २० कोटी डॉलरांहून अधिक हानी झाली. अधिकृत मापनकेंद्रे इतकी विरळ होती की, मुसळधार पावसाचा तो पट्टा त्यांच्या मधून निसटला. नेमका कोठे किती पाऊस पडला, हे नंतर घरोघर चौकशी करून, लोकांच्या परसातील भांडी आणि मापके तपासून ठरवावे लागले.

या अनुभवातून तेथील राज्य विद्यापीठाच्या हवामानकेंद्रातील नोलन डोस्केन यांच्या पुढाकाराने १९९८ साली पाऊस, गारा आणि बर्फ मोजणाऱ्या नागरिकांचे एक जाळे उभे राहिले. ‘कोकोराझ’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाणारे हे जाळे पुढे अमेरिकेच्या सर्व राज्यांत पसरले आणि कॅनडातही पोहोचले. आज त्यातील निरीक्षकांची संख्या हजारोंच्या घरात आहे.

मुंबईकरांना हा धडा वेगळा सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी, त्याच महानगरातील कुलाब्याच्या केंद्रावर मात्र ७५ मिलिमीटरही भरला नाही. केवळ कुलाब्याचा आकडा पाहणाऱ्यास उपनगरे बुडत असल्याची कल्पनाही आली नसती. निसर्ग सरासरीने वागत नाही. सरासरी ही माणसाने आपल्या सोयीसाठी केलेली कल्पना आहे.

हलक्या बर्फाचे मोल

महापुराची गोष्ट समजण्यासारखी आहे; पण इंचभर बर्फ कशासाठी मोजावयाचा? याचे पहिले उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. ढोबळ मानाने दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी मिळते. अर्थात हे प्रमाण स्थिर नसते. थंड, कोरडा, भुसभुशीत बर्फ असेल तर एक इंच पाण्याला पंधरा-वीस इंच बर्फ लागतो. ओला आणि जड असेल तर त्याहून पुष्कळ कमी पुरतो. म्हणूनच जाणकार निरीक्षक केवळ उंची मोजून थांबत नाही. मापकात जमलेला बर्फ घरात आणून, त्यात मोजून घेतलेले कोमट पाणी ओतून तो वितळवतो आणि ओतलेले पाणी वजा करून बर्फातील पाण्याचे माप काढतो. एक इंच बर्फापासून अडीच मिलिमीटर पाणी मिळाले असे धरले, तर एका चौरस किलोमीटरवर २५ लाख लिटर पाणी उतरले असा हिशेब होतो. परसातील क्षुल्लक थर विस्तीर्ण पाणलोट क्षेत्रावर पसरला की क्षुल्लक राहत नाही.

दुसरे उत्तर यंत्रांच्या मर्यादेत आहे. रडारचा झोत पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूर जाता जाता जमिनीपासून उंच होत जातो. हिवाळ्यातील हलका बर्फ पुष्कळदा बुटक्या ढगांतून पडतो. तो या झोताच्या खालीच राहतो आणि यंत्राला दिसत नाही. स्वयंचलित मापकांनाही बर्फ नीट सोसत नाही. वाऱ्याने तो मापकाच्या तोंडावरून उडून जातो. तेथे माणसाचा डोळा आणि साधी पट्टी हीच अधिक भरवशाची ठरतात. रस्त्यावर मीठ टाकावे की नाही, नांगराच्या गाड्या बाहेर काढाव्यात की नाही, हा निर्णय अशा नोंदींच्या आधाराने घेता येतो. बर्फ हटवण्याचे कित्येक ठेके तर इंचांच्या हिशेबावर ठरतात. तेथे दोन इंच आणि पावणेदोन इंच यांतील अंतर म्हणजे प्रत्यक्ष पैसा असतो.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते काळाशी संबंधित आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांत वाटून देणारा करार १९२२ साली झाला. त्यावेळी हाती असलेल्या नोंदी थोड्या वर्षांच्या होत्या, आणि ती वर्षे नेमकी नेहमीपेक्षा अधिक पाण्याची होती. नदीत सरासरीने जेवढे पाणी असते, त्याहून अधिक पाण्याची वाटणी कागदावर झाली. आज सुमारे चार कोटी लोक या नदीवर अवलंबून आहेत, आणि २०२१ साली तिच्यावरील मीड जलाशयासाठी इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर करावी लागली. टंचाईला वाढते तापमान, वाढती मागणी अशी इतरही कारणे आहेत. परंतु अपुऱ्या काळाच्या नोंदींवर उभारलेला करार पुढील पिढ्यांच्या गळ्यात कसा अडकतो, याचे हे बोलके उदाहरण होय. भरपूर बर्फाच्या वर्षांची आठवण सर्वांनाच राहते. हलक्या बर्फाची, कोरड्या दिवसांची आठवण केवळ वहीतच राहू शकते. म्हणूनच या जाळ्यात ‘आज काहीच पडले नाही’ हे कळवण्यावरही तितकाच भर दिला जातो. शून्य ही नोंद आहे. रिकामी जागा म्हणजे अज्ञान. आणि पट्टीवर मोजता येऊ नये इतका अल्प बर्फ पडला, तर त्यासाठी ‘लेशमात्र’ अशी तिसरीच नोंद ठेवलेली आहे.

विश्वास आणि शिस्त

हौशी माणसांच्या आकड्यांवर कितपत विसंबावे, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर नियमांच्या शिस्तीत शोधावे लागते. बर्फ पांढऱ्या रंगाच्या लाकडी फळीवर मोजावयाचा, म्हणजे गवताची पोकळी मापात शिरत नाही. फळी झाडापासून व भिंतीपासून दूर मांडावयाची. नवा बर्फ मोजून झाला की फळी पुसून पुन्हा मांडावयाची. परंतु चोवीस तासांत चारपेक्षा अधिक वेळा ती पुसावयाची नाही. हा शेवटचा नियम विचित्र वाटतो, पण त्यात मर्म आहे. पडलेला बर्फ स्वतःच्या भाराने दबत जातो. जितक्या वेळा मोजून पुसाल, तितकी बेरीज फुगत जाते.

जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील मॉन्टेग्यू येथे एका स्वयंसेवी निरीक्षकाने चोवीस तासांत ७७ इंच बर्फ नोंदवला. तो राष्ट्रीय विक्रम ठरला असता. परंतु तपासणीत असे आढळले की, नियमाने ठरलेल्यापेक्षा अधिक वेळा मोजणी झाली होती. तेव्हा विक्रम अमान्य झाला आणि कोलोरॅडोतील सिल्व्हर लेक येथील १९२१ सालचा ७५.८ इंचांचा आकडा कायम राहिला. निरीक्षकाच्या प्रामाणिकपणाबद्दल येथे प्रश्न नव्हता. प्रश्न पद्धतीचा होता. उलटपक्षी, चूक केवळ हौशी माणसाकडूनच होते असेही नाही. जानेवारी २०१६ मधील मोठ्या हिमवादळात राजधानी वॉशिंग्टनच्या रीगन विमानतळावर मोजणीची फळीच बर्फाखाली हरवली, आणि तेथील १७.८ इंचांच्या अधिकृत आकड्यावरून वाद माजला. तात्पर्य, मोजणारा पगारी आहे की बिनपगारी, यावर आकड्याची विश्वासार्हता ठरत नाही; तो नियम किती पाळतो यावर ती ठरते.

दानाची मर्यादा

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हवामानाची नोंद ही सार्वजनिक वस्तू होय. एकाने ती वापरली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही, आणि एकदा प्रसिद्ध झाली की पैसे न देणाऱ्यालाही तिचा लाभ मिळतो. अशा वस्तूचे उत्पादन बाजार पुरेसे करीत नाही, कारण फुकटात लाभ मिळत असताना किंमत मोजण्यास कोणी पुढे येत नाही. पाठ्यपुस्तकातील या सिद्धान्तानुसार पहाटेच्या थंडीत परसात उतरणारा निरीक्षक अस्तित्वातच असावयास नको. तो आहे, कारण माणूस केवळ लाभहानीचा तराजू नाही. रिचर्ड टिटमस यांनी रक्तदानावरील १९७० सालच्या आपल्या ग्रंथात असे दाखवण्याचा प्रयत्न केला की, जेथे दान चालते तेथे मोबदला आणला तर पुरवठ्याची प्रत सुधारण्याऐवजी घसरू शकते. इंचामागे पैसे द्यावयाचे ठरले, तर बर्फ किती ‘वाढेल’ याची कल्पना करणे कठीण नाही.

परंतु याच बिंदूवर सावध राहण्याची गरज आहे. अमेरिकेत स्वयंसेवकांची परंपरा शासनाला पर्याय म्हणून वाढली नाही. ती शासनाच्या व संस्थांच्या आधाराने वाढली. १८४९ साली स्मिथसोनियन संस्थेच्या जोसेफ हेन्री यांनी सुमारे १५० निरीक्षक जोडले; १८६० पर्यंत ही संख्या सुमारे ५०० झाली. १८९० च्या कायद्याने या परंपरेला सरकारी चौकट मिळाली. त्या चौकटीतच रिचर्ड हेंड्रिक्सन या न्यूयॉर्क राज्यातील शेतकऱ्याने १९३० पासून ८४ वर्षे नोंदी ठेवल्या. त्यांची संख्या दीड लाखांवर गेली. साधने, प्रशिक्षण, आकड्यांची तपासणी आणि जतन हे सारे काम पगारी तज्ज्ञ करीत होते, म्हणूनच त्या वह्यांतून विज्ञान निर्माण झाले.

२०२५ च्या आरंभी ही चौकटच हादरली. काटकसरीच्या नावाखाली हवामानयंत्रणेतील शेकडो कर्मचारी कमी करण्यात आले. मनुष्यबळाअभावी अलास्कातील कोट्झेब्यू, नेब्रास्कातील ओमाहा, दक्षिण डाकोटातील रॅपिड सिटी अशा ठिकाणी वातावरणाचा वेध घेणारे फुगे सोडणे थांबवावे लागले. पुढे काही नेमणुकांना पुन्हा परवानगी मिळाली हे खरे. पण त्यातून प्रकट झालेला विचार चिंताजनक आहे. लोक फुकट मोजतात, मग पगार कशाला, असे म्हणण्याचा मोह प्रत्येक राज्यकर्त्याला होऊ शकतो. परसातील पट्टी जमिनीवर पडलेला बर्फ मोजते. उद्या काय पडणार हे सांगण्यासाठी आकाशात फुगा सोडावाच लागतो. शिवाय स्वयंसेवक जेथे राहतात तेथेच नोंदी होतात. ओसाड डोंगर आणि विरळ वस्तीचे प्रदेश, म्हणजे बर्फाचे खरे कोठार, त्यांच्या आवाक्याबाहेरच राहते.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण मापाचा प्रश्न येथेही शेतकऱ्याच्या पोटाशी भिडलेला आहे. २०१७ पासून दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामानकेंद्रे उभारण्यात आली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तरच त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे मानले जाते. एका मंडळात अनेक गावे असतात, आणि केंद्र मात्र एकाच ठिकाणी. शेजारच्या शिवारात ढग फुटला आणि केंद्रावर सरीच पडल्या, तर ज्याची जमीन खरवडून गेली त्याच्या नुकसानीला कागदावर पुरावा राहत नाही. गावोगावच्या माध्यमिक शाळांत एक साधा पर्जन्यमापक, एक वही आणि नोंद घेण्यास एक शिक्षक असला, तर ही पोकळी पुष्कळ अंशी भरून निघेल. मात्र त्या नोंदी तपासून त्यांना अधिकृत मान्यता देण्याची व्यवस्था शासनाने केली नाही, तर त्या वह्या शाळेच्या कपाटातच धूळ खात पडतील. आणि मान्यता द्यावयाची, तर पैशाशी जोडलेल्या आकड्याला फुगण्याचा जो मोह असतो, त्यावर तपासणीचा अंकुशही ठेवावाच लागेल.

नागरिकाने मोजावे आणि शासनाने त्या मोजणीचा मान राखावा, हा परस्परांतील करार आहे. त्यातील एका पक्षाने अंग काढून घेतले की दुसऱ्याचे श्रम वाया जातात. नोव्हेंबरच्या थंड पहाटे परसात वाकून ‘एक इंच’ असे लिहिणारा माणूस आपला वाटा चोख उचलतो आहे. त्याचा आकडा वाचण्यास पलीकडे कोणी पगारी माणूस शिल्लक राहील की नाही, याचे उत्तर मात्र त्याच्या हाती नाही. ते अंदाजपत्रक मांडणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.