डार्सीचा माज, शार्लटचा नाइलाज

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेजुडिस’मधला (१८१३) डार्सी पैशाने माजला, असे आमचे प्राध्यापक वर्षानुवर्षे सांगत आले. मला हे साफ नामंजूर! डार्सीचे वार्षिक उत्पन्न १०,००० पौंड, तर बिंग्लीचेही चार-पाच हजार. मग बिंग्ली इतका मनमोकळा कसा? त्याच्या बहिणी मात्र बापाचा व्यापार सोयीस्कर विसरून नाके मुरडतात. बाप एक, पैसा एक, स्वभाव दोन टोकांचे!

पैशाने स्वभाव बदलत नसावा. मनासारखे वागायची मुभा मात्र पैसाच देतो. शार्लट लुकस २७ वर्षांची, गाठीला काही नाही. तिने त्या लाळघोट्या कॉलिन्सला होकार दिला. एलिझाबेथने त्यालाच नाकारले खरे, पण ती पडली विशीतली, देखणी. शार्लटला ‘हिशेबी’ म्हणणाऱ्यांनो, तिला दुसरे घर कोण देणार होते?