गाठोड्याला कुलूप नसते

आमचे नामपूर मोसम खोऱ्यातले गाव. कांद्याचा बाजार मोठा, पण रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर एस.टी.ने मालेगाव, तिथून मनमाड, आणि मनमाडला सकाळची पंचवटी धरायची. त्या दिवशी पहाटे घरून निघून ती गाडी सापडत नाही. म्हणून आमच्याकडचा माणूस आदल्या संध्याकाळीच निघतो आणि रात्र स्थानकावर काढतो. कुणी दवाखान्यासाठी जातो, कुणी पोराच्या मुलाखतीसाठी, डिसेंबरात चैत्यभूमीला तर वस्तीच्या वस्ती निघते. वर्षातून दोन-तीनदा असे जाणे होतेच. तरीही स्थानकावर कुणी कुठे बसायचे आणि सामान कुठे ठेवायचे, याचे नियम आपल्या घरांत फार थोड्यांना ठाऊक असतात. मी बी. कॉम. झालेला, सरकारी कागदांत दिवस घालवणारा कारकून. मलाही ते ठाऊक नव्हते. मायला घेऊन मुंबईला गेलो तेव्हा कळले.

मायची तपासणी परळच्या एका इस्पितळात होती. एक रात्र नातेवाइकांकडे काढली, दुसऱ्या दिवशी तपासणी अकराच्या आतच आटोपली. परतीची गाडी संध्याकाळची. नातेवाइकाचे घर लांब, दोघे नवरा-बायको कामावर गेलेले, घराला कुलूप. मग सहा-सात तास स्थानकावरच काढायचे ठरले. स्थानक कोणते ते सांगत नाही, मुंबईकडचे एक मोठे स्थानक समजा. हातात माझी पिशवी आणि मायचे गाठोडे. गाठोड्यात गोधडी, एक लुगडे, भाकरीचा डबा आणि इस्पितळाची फाईल. फाईल तिने स्वतःच्या हाताने गोधडीच्या घडीत ठेवली होती, मोडू नये म्हणून.

वेटिंग रूमच्या दाराशी खुर्ची टाकून एक मनुष्य बसला होता. आमच्यापुढे एक कुटुंब होते. चाकांच्या दोन बॅगा, मुलाच्या गळ्यात हेडफोन. ते आत गेले. त्यांच्यामागून माय आत पाऊल टाकणार तोच त्याने हात आडवा केला आणि म्हणाला, "आजी, जनरल तिकडे, शेवटाला." तिकीट विचारले नाही. मी आमचे आरक्षित तिकीट दाखवले. त्याने पाहिले आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. पाटीवर स्वच्छ लिहिले होते की ही खोली वातानुकूलित आणि प्रथम वर्गाच्या प्रवाशांसाठी आहे. आमचे तिकीट दुसऱ्या वर्गाचे. म्हणजे नियम त्याच्या बाजूने होता. मी काय बोलणार? माय तर केव्हाच मागे फिरली होती. दाराबाहेरच्या खांबाशी पदर अंथरीत ती म्हणाली, "मी आठेच बसस. मझार आपलं काय काम शे?"

हे वाक्य मला जास्त लागले. पण तेव्हा पाटी पाहून मी गप्प बसलो. तिला उठवून शेवटच्या टोकाला दुसऱ्या वर्गाच्या हॉलमध्ये नेले. बाके भरलेली, लोक फरशीवर. तिथे गोधडी अंथरली.

दुपारी मायला थोडे पाय मोकळे करायचे होते, समुद्र पाहायचा होता. म्हटले, सामान क्लोक रूममध्ये टाकू. खिडकीवरच्या कारकुनाने माझी पिशवी पाहिली, चेन पाहिली, कुलूप लावा म्हणाला. कुलूप नव्हते. गाठोडे तर त्याने हातातही घेतले नाही. "कुलूप लागेल असेच सामान घेता येते. हे उघडे आहे. उद्या तुम्ही म्हणाल, यातले अमुक गेले." बोलणे उद्धट नव्हते. माझ्याच टेबलावरून मी असेच बोलतो. दाखल्याच्या झेरॉक्सवर सही नाही, या कारणावरून मी माणसांना परत पाठवले आहे. ती माणसे खेड्यावरून दिवस मोडून आली होती, हे मला तेव्हा दिसत होते आणि तरीही मी पाठवले. त्या दिवशी खिडकीच्या बाहेरच्या बाजूने उभा राहिलो तेव्हा त्या माणसांपैकी एक-दोघांचे चेहरे आठवले.

बाहेरच्या दुकानातून एक मोठी चेनची बॅग आणि दोन कुलपे घेतली. मायच्या एका दिवसाच्या कांदा निवडण्याच्या मजुरीएवढे पैसे गेले. मायने ते मनातल्या मनात मोजलेच. मग समुद्र राहिला. ती बॅग उशाशी घेऊन आम्ही हॉलमध्येच बसलो.

खरी गोष्ट संध्याकाळी कळली. गाडीत आमच्या समोरच्याच बाकावर ते चाकांच्या बॅगांचे कुटुंब येऊन बसले. तोच डबा, तोच वर्ग, तेवढ्याच पैशांचे तिकीट. मी त्यांना सहज विचारले, तुम्ही त्या खोलीत बसला होता ना? ते गृहस्थ भले होते. म्हणाले, "हो, चांगली आहे. कोणी काही विचारत नाही." त्यांचा दोष काहीच नाही. दारावरच्या माणसाने त्यांना पाटी दाखवली नाही, आम्हाला दाखवली. माय खिडकीकडे बघत होती, पण तिने ऐकले. कल्याण गेल्यावर हळूच म्हणाली, "म्हणजे तिकीट सारखंच होतं?"

त्या माणसाने आमची जात विचारली, असे मी म्हणणार नाही. त्याने विचारली नाही. त्याने नऊवारी पाहिली, गाठोडे पाहिले, उन्हाने रापलेला चेहरा पाहिला. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने आठवणी लिहून ठेवल्या, त्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपात छापल्या. त्यात मसूर स्थानकाची १९०१ सालची हकीकत आहे. भीमराव आणि बरोबरची मुले नवे कपडे घालून वडिलांकडे निघालेली, जवळ सामान, आणि घ्यायला कुणीच आलेले नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो, कारण कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुले वाटतात. मुले 'महार' म्हणतात आणि त्याचा चेहरा पालटतो. तो आपल्या खोलीत निघून जातो, मुले सामानाशी उभीच राहतात. पुढे एक गाडीवान दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने पायी चालायचे, या अटीवर. आमच्या खानदेशातल्या चाळीसगावची हकीकतही त्याच पुस्तिकेत आहे. १९२९ साली सरकारी समितीचे सदस्य म्हणून आलेल्या बाबासाहेबांना चाळीसगाव स्थानकावर तासभर थांबावे लागले, कारण एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा आपलाच नवखा माणूस. बाबासाहेब रस्त्यावर फेकले गेले आणि पाय मोडला.

त्या काळी स्थानकांवर पाणीसुद्धा हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे वेगळे मिळे. त्यात आपले पाणी कोणते, हा प्रश्न कुणाला पडतही नव्हता. आज तसे काही नाही. १९७४ साली तिसरा वर्गही कागदावरून गेला. आता खोल्या फक्त तिकिटाच्या वर्गावरून वेगळ्या आहेत. पण तिकीट न बघताच माणसाचा वर्ग ठरवायचा, ही सवय दारावर उरली आहे, आणि दाराबाहेरच पदर अंथरायचा ही सवय आपल्यात उरली आहे. दोन्ही एकमेकींना पोसतात.

आता नियम सांगतो. मी ते नंतर नीट विचारून घेतले.

दुसऱ्या वर्गाचा हॉल आणि बायकांसाठीची खोली ही तिकीटवाल्या प्रवाशाचीच जागा आहे, तिथे बसण्यात कुणाची मेहेरबानी नाही. वरच्या वर्गाच्या खोलीला तसे तिकीट लागते. पण ते मागायचे तर सगळ्यांकडे मागा, एवढे आपण शांतपणे म्हणू शकतो. पोचवायला आलेल्यांनी दहा रुपयांचे प्लॅटफॉर्म तिकीट काढले असेल तर ते दोनच तास चालते आणि त्यावर वेटिंग रूम मिळत नाही. आपली माणसे इथे फार फसतात. एकाच्या तिकिटावर चौघे जाऊन बसतात, मग तपासनीस आला की पळापळ. आणखी एक. अनारक्षित तिकीट दोनशे किलोमीटरच्या आतले असेल, तर ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या बाजूची पहिली गाडी सुटेपर्यंत, यातले जे उशिराचे तोवर प्रवास सुरू करावा लागतो. २०१६ पासून हा नियम आहे. नाशिकरोड ते मुंबई त्यात बसते, मनमाड ते मुंबई बसत नाही. तेव्हा नाशिकरोडच्या प्रवाशाने सकाळीच तिकीट काढून संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये बसू नये, ते तिकीट तोवर बाद होते. रेल्वेच्या विश्रामगृहात खोली किंवा नुसती खाट हवी असेल तर पक्के किंवा आरएसी तिकीट लागते, पी.एन.आर. क्रमांकावर आधी आरक्षण करता येते. म्हातारे माणूस बरोबर असेल तर सामाईक खोलीतली खाट लॉजपेक्षा बहुधा स्वस्त पडते.

क्लोक रूम प्रत्येक स्थानकावर नसते, मोठ्या स्थानकांवर असते. तिथे तिकीट दाखवावे लागते. सामान कुलूपबंद हवे. नुसती चेन चालत नाही, दोरीने बांधलेली गोणी चालत नाही. भाडे नगावर आहे आणि चोवीस तासांचा एक हिशेब आहे, चार तास ठेवा की वीस तास, पैसे तेवढेच. म्हणून चार छोट्या पिशव्या चार वेळा मोजून घेण्यापेक्षा एका मोठ्या बॅगेत घालून एकच कुलूप लावावे. दर स्थानकागणिक वेगळे असतात, खिडकीवरच्या फलकावर वाचून मगच पैसे द्यावेत. वस्तू व सेवा कर परिषदेने जून २०२४ मध्ये ठरवल्यानंतर प्लॅटफॉर्म तिकीट, वेटिंग रूम, विश्रामगृह आणि क्लोक रूम या रेल्वेच्या सेवांवरचा कर काढून टाकला आहे. रेल्वेच्या खिडकीवर कुणी त्यावर कर लावून मागितला तर पावती मागा. भाकरी, फळे, पैसे, दागिने आत ठेवू नयेत. इस्पितळाची फाईलही नाही, ती जवळच हवी. मिळालेली पावती जपावी. ती हरवली तर ओळख पटवून, बंधपत्र लिहून देऊन सामान सोडवावे लागते, आणि गाडी सुटायच्या वेळी ते जमत नाही.

पावतीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. आपल्याजवळच्या सामानाची जबाबदारी आपलीच. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० मध्ये तसे आहे, नोंद करून पावती न घेतलेल्या सामानाबद्दल रेल्वे सहसा जबाबदार नसते, तिचा निष्काळजीपणा प्रवाशालाच सिद्ध करावा लागतो. गाडीत चोरीला गेलेल्या एक लाख रुपयांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये सांगितले की, प्रवाशाला स्वतःच्या वस्तू सांभाळता आल्या नाहीत तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नव्हे. तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला "भाऊ, जरा बघा" म्हणून पिशवी सोपवून तोंड धुवायला जाणारे आपले बंधू-भगिनी फार मोठा भरवसा टाकत असतात. बहुतेक वेळा तो माणूस खरेच बघतो, हेही तितकेच खरे.

६ डिसेंबरला दादरला उतरणाऱ्यांनी तर सामान घरीच कमी करावे. त्या गर्दीत क्लोक रूमच्या रांगेत अर्धा दिवस जाईल. वस्तीतून दहा-बारा घरे एकत्र जात असतील तर प्रत्येकाच्या वेगळ्या पिशवीऐवजी दोन-तीन मोठ्या कुलपाच्या बॅगा कराव्यात आणि सामानाशी बसण्याची पाळी लावावी. ती पाळी दरवेळी बायकांचीच असू नये.

घरी आल्यावर मी तक्रार केली. स्थानकावर स्टेशन अधीक्षकाकडे तक्रार पुस्तक असते, मागितले तर द्यावे लागते. १३९ या क्रमांकावर फोनवरही तक्रार नोंदवता येते. मी लेखीच पाठवली. नियम चुकीचा आहे असे लिहिले नाही. तारीख, वेळ, तिकिटाचा क्रमांक आणि एवढेच लिहिले की, पाटी एका प्रवाशाला दाखवली आणि त्याच तिकिटाच्या दुसऱ्या प्रवाशाला दाखवली नाही. काही आठवड्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, संबंधितास समज देण्यात आली आहे. अशा उत्तरांचे मसुदे मी स्वतः लिहिलेले आहेत, त्यामुळे त्यावर फार विसंबत नाही. तरी कागद फाईलला लावून ठेवला.

माझ्या कार्यालयातही एक बदल केला आहे. कागद अपुरा असला तर काय हवे ते एका चिठ्ठीवर लिहून देतो, म्हणजे माणसाला तिसरी खेप पडत नाही. साहेब म्हणतात, तुमचा वेळ जातो. जातोच.

मायने ती विकत घेतलेली बॅग अजून पुरती माफ केलेली नाही. तिने जाड ताडपत्रीची एक थैली शिवली आहे, तोंडाला पितळी कड्या, त्यातून साखळी आणि साखळीला कुलूप. क्लोक रूमवाला ती घेईल की नाही, मला सांगता येत नाही. किल्ली तिच्या कनवटीला आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा नंबर लागलेला आहे, आणि यावेळी समुद्र बघायचाच, असे तिने शेजारणींना सांगून ठेवले आहे.